लग्नाशिवायचं घर : भांडण झालं तर कायदा आहे, मरण आलं तर?

समजा, ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये दोघं सात वर्षं एकत्र राहतायत. लग्न केलेलं नाही. फ्लॅट त्याच्या नावावर, हप्ता त्याच्या खात्यातून जातो. किराणा, वीजबिल, कामवाल्या मावशींचा पगार ती बघते. शेजारचे तिला वहिनी म्हणतात. एके दिवशी ती ऑफिसातून परत येते, तर दाराचं कुलूप बदललेलं. फोनवर तो म्हणतो, "तुझा या घराशी संबंध काय? आपलं लग्न कुठे झालंय?"

अशा वेळी बहुतेक जणी गप्प बसतात. लग्न नाही म्हणजे हक्क नाही, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की बाई मैत्रिणीकडे दोन रात्री काढते आणि मग भाड्याची खोली शोधायला लागते. पण त्या माणसाचं म्हणणं चूक आहे. ती न्यायालयात जाऊन त्याच घरात परत राहण्याचा आदेश मागू शकते, खर्चासाठी पैसे मागू शकते, आणि आदेश मोडला तर त्याला तुरुंगवास होऊ शकतो.

आता याच गोष्टीत एकच बदल करू. कुलूप बदललं नाही. तो अपघातात गेला. दिवसकार्य आटोपलं आणि त्याचे भाऊ दारात उभे राहिले. आता मात्र वारस म्हणून तिच्या हातात काहीही नाही. तो हिंदू असेल, अविवाहित असेल, मूल नसेल, मृत्युपत्र केलेलं नसेल आणि आई हयात असेल, तर फ्लॅट आईकडे जातो. सात वर्षांचा संसार वारसांच्या यादीत कुठेच दिसत नाही.

एकाच बाईच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरं खरी आहेत. ती तशी का, हे समजलं की लिव्ह-इनबद्दलचा आपला कायदा जवळजवळ पूर्ण समजतो.

## मुळात हा गुन्हा आहे का?

नाही. दोन सज्ञान माणसं स्वखुशीने एकत्र राहतात, यात फौजदारी कायद्याच्या दृष्टीने गुन्हा नाही. अभिनेत्री खुशबू यांनी २००५ मध्ये एका मासिकाशी बोलताना विवाहपूर्व संबंधांबद्दल मत मांडलं, तेव्हा त्यांच्यावर तमिळनाडूत तक्रारींचा पाऊस पडला होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०१० रोजी त्या सगळ्या तक्रारी रद्द केल्या आणि स्पष्ट सांगितलं की समाजातल्या एका वर्गाला एखादी गोष्ट अनैतिक वाटते, म्हणून ती गुन्हा ठरत नाही. आधार राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा.

सज्ञान म्हणजे अठरा पूर्ण. मुलाचं लग्नाचं वय एकवीस असलं, तरी तेवढ्यासाठी एकत्र राहणं बेकायदा होत नाही. केरळच्या एका प्रकरणात मुलगा एकवीसचा झाला नव्हता. त्यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं, की लग्न करता येत नसलं तरी दोघांना एकत्र राहण्याचा हक्क आहे. अठराच्या आतली मुलगी किंवा मुलगा असेल, तर मात्र पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागू होतो आणि तिथे 'तिची संमती होती' हा बचाव चालत नाही.

## वहिवाटीचा रस्ता

गावाकडच्या माणसाला वहिवाटीचा रस्ता समजावून सांगावा लागत नाही. तो नकाशावर नसतो, पण तीन पिढ्यांच्या बैलगाड्या तिथूनच गेलेल्या असतात. बांधावरच्या शेजाऱ्याने तिथे काट्या टाकल्या, तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तहसीलदार जागेवर येतात, चाकोरी उमटली आहे का बघतात, आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे जबाब घेतात, आणि वापर सिद्ध झाला तर रस्ता मोकळा करून देतात. नकाशावर नाही म्हणून रस्ताच नाही, असं ते म्हणत नाहीत. पण एक गोष्ट त्यांच्या आदेशाने होत नाही. रस्त्याखालची जमीन तुमच्या मालकीची होत नाही.

लग्न हे नोंदलेल्या खरेदीखतासारखं आहे आणि लिव्ह-इन वहिवाटीसारखं. खरेदीखत दाखवलं की प्रश्न मिटतो. वहिवाट प्रत्येक वेळी सिद्ध करावी लागते, आणि सिद्ध झाली तरी ती वापराचा हक्क देते, वारसा देत नाही.

ही वहिवाट मान्य करणारा मुख्य कायदा म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात पत्नीबरोबरच 'विवाहसदृश नातेसंबंधा'त राहणाऱ्या किंवा पूर्वी राहिलेल्या स्त्रीलाही संरक्षण आहे. विवाहसदृश म्हणजे लग्नासारखं. लिव्ह-इन हा शब्द या कायद्यात कुठेही नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. एका छपराखाली राहणं पुरत नाही. ते राहणं संसारासारखं होतं, हे दाखवावं लागतं.

## मग 'लग्नासारखं' कोण ठरवतं?

कायद्याने व्याख्या केली नाही, म्हणून ते काम न्यायालयांवर आलं. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. टी. एस. ठाकूर यांच्यापुढे कोइम्बतूरचं एक प्रकरण होतं. त्यात चार कसोट्या सांगितल्या गेल्या. दोघं समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले हवेत. दोघांचं वय लग्नाचं हवं. एरवी त्यांचं लग्न होऊ शकलं असतं, म्हणजे दोघंही अविवाहित, विधवा-विधुर किंवा घटस्फोटित हवेत. आणि बराच काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले हवेत. नुसत्या शनिवार-रविवारच्या भेटी यात बसत नाहीत, असंही न्यायालयाने सांगितलं.

नोव्हेंबर २०१३ मध्ये न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या खंडपीठाने या कसोट्यांना तपशील दिला. किती काळ एकत्र होते, घर एकच होतं का, पैशाचा व्यवहार एकत्र होता का, घरकाम कोण करायचं, मुलं होती का, लग्नाकार्याला जोडीने जात होते का, दोघांचा हेतू काय होता. सगळं मिळून चित्र कसं दिसतं, ते न्यायाधीश बघतात. किती वर्षं हवीत, याचा ठरावीक आकडा नाही.

यात एक खरी अडचण आहे, आणि ती मला फार बोचते. आपल्या शहरांत लग्न न झालेल्या जोडप्याला घर मिळणं कठीण. सोसायटीच्या सेक्रेटरींपासून एजंटपर्यंत सगळे मॅरेज सर्टिफिकेट मागतात. तसं ते मागावं असा कुठलाही कायदा नाही, पण घरमालक नकार देऊ शकतो, म्हणून जोडपी आपलं नातं लपवतात. मावसभाऊ-मावसबहीण म्हणून सांगतात. लिव्ह अँड लायसन्स करारावर फक्त त्याचं नाव टाकतात. ती आईवडिलांना सांगते की मैत्रिणीसोबत राहते. ही लपवाछपवी घर मिळवून देते, पण तिच्यामुळेच पुढे कोर्टात दाखवायला काही उरत नाही. चाकोरी पुसत पुसत चाललं, तर वहिवाट सिद्ध कशी करणार?

म्हणून करारावर दोघांचीही नावं असावीत. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्यानेच बंधनकारक आहे; म्हणजे नोंदलेला आणि दोघांच्या नावाचा सरकारी पुरावा आपोआप तयार होतो. खोटं मॅरेज सर्टिफिकेट मात्र कधीही करू नये, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

## कुलूप बदललेल्या बाईने करायचं काय?

पहिला दरवाजा संरक्षण अधिकाऱ्याचा. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाकडून नेमलेले असतात आणि अर्ज तयार करायला मदत करतात. थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो आणि तिचं उत्पन्न किती, हे विचारलं जात नाही. तातडीची वेळ असेल तर ११२ आणि महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे.

हिंसाचार म्हणजे फक्त मारहाण नव्हे. शिवीगाळ, धमक्या, पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं, घराबाहेर काढणं, हे सगळं या कायद्यात येतं. दंडाधिकारी तिला घराबाहेर काढायला मनाई करू शकतात, त्यालाच घर सोडायला सांगू शकतात, किंवा तिच्या दुसऱ्या घराचं भाडं भरायला लावू शकतात. खर्च, भरपाई, मुलांचा तात्पुरता ताबा, हेही याच अर्जात मागता येतं. प्रकरण गंभीर असेल तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीच अंतरिम, म्हणजे तात्पुरता आदेश मिळू शकतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत जातात. म्हणून अंतरिम आदेशाचा अर्ज पहिल्याच दिवशी करण्याला फार महत्त्व आहे.

## पोटगीचं काय?

फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. त्यात शब्द 'पत्नी' असाच आहे, आणि सगळी अडचण त्या शब्दाने केलीय. बराच काळ पत्नीसारखी राहिलेली स्त्रीही त्यात यावी, अशी शिफारस फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने २००३ मध्ये केली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २००८ मध्ये तशा दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूरही केला. तो कायदा झाला असता तर आपण देशाला वाट दाखवली असती. झाला नाही.

सध्या वाट २००५ च्या कायद्यातूनच आहे. कायदेशीर पत्नी नसलेल्या स्त्रीलाही त्या कायद्याखाली खर्च मागता येतो, आणि कलम १२५ पेक्षा तिथे मिळणारी मदत जास्त व्यापक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये म्हटलं.

## तो आधीच लग्न झालेला असेल तर?

इथे कायदा कठोर होतो. न्या. राधाकृष्णन यांच्यापुढचं २०१३ चं ते प्रकरण बंगळूरूचं होतं. पुरुष विवाहित, दोन मुलांचा बाप. बाईला हे ठाऊक होतं आणि ती त्याच्यासोबत कितीतरी वर्षं राहिली. मग तो सोडून गेला. न्यायालयाने सांगितलं की हे नातं विवाहसदृश नाही, कारण दोघांचं लग्न होऊच शकलं नसतं, आणि तिला दिलासा दिला तर त्याच्या पत्नीवर आणि मुलांवर अन्याय होईल. त्याच निकालात अशा स्त्रियांची परवड होते हेही मान्य केलं आणि संसदेने कायदा करावा असं सुचवलं. त्याला दहा वर्षांहून जास्त काळ लोटला.

पत्नीच्या हक्काचा मुद्दा मला पटतो. पण या निकालाने ज्याने दोन्ही घरं चालवली आणि एक मोडलं, तो मोकळा सुटला, हे नाकारता येत नाही. पत्नीचा हिस्सा सुरक्षित ठेवूनही त्याच्या कमाईतून काही देता आलं असतं. ते ठरवणं संसदेचं काम होतं.

फसवणूक झाली असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात पहिलं लग्न लपवून पुरुषाने देवळात दुसरं लग्न लावलं होतं. पहिली बायको परत आल्यावर दुसरीला 'तू पत्नीच नाहीस' म्हणून झटकलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्या. ए. के. सिक्री यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिला पोटगीपुरतं पत्नी मानलं. स्वतःच्या लबाडीचा फायदा त्याला घेता येणार नाही, हा त्यामागचा विचार. लग्नाचा विधी झालेला असणं तिथे तिच्या उपयोगी पडलं. लग्न करण्याचं खोटं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले असतील, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र खरोखर लग्न करायचं होतं आणि पुढे जमलं नाही, याला फसवणूक म्हणत नाहीत, हे न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत.

## "इतकी वर्षं राहिलं की आपोआप नवरा-बायको होतात ना?"

हा समज सर्वत्र पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. दीर्घ काळ पती-पत्नी म्हणून एकत्र राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालेलं असावं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ पन्नास वर्षांच्या सहवासाचं प्रकरण आलं. तिथे एवढ्या काळानंतर लग्नाचे भटजी आणि साक्षीदार कुठून आणायचे, असा व्यावहारिक विचार झाला. पण हे गृहीतक 'लग्न झालं होतं, पुरावा हरवला' अशा माणसांसाठी आहे. "आम्ही ठरवून लग्न केलं नाही" असं जे म्हणतात, त्यांना ते लागू पडत नाही. आणि विरुद्ध पुरावा आला की ते गळून पडतं.

## मुलं

मुलांच्या बाबतीत कायदा बराच मायाळू आहे. जोडपं दीर्घ काळ पती-पत्नीसारखं राहिलं असेल, तर वरचं गृहीतक मुलांच्या मदतीला येतं. केरळच्या एका प्रकरणात जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्याच्या मुलाला कुटुंबाच्या मालमत्तेत हिस्सा दिला. लग्न न झालेल्या आईबापाच्या मुलालाही बापाकडून पोटगी मागता येते; कलम १४४ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

मूल नको असेल, तर गर्भपाताचा कायदा विवाहित आणि अविवाहित असा भेद करू शकत नाही, हे सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ठरवलं. ते प्रकरण लिव्ह-इनमध्ये राहिलेल्या अविवाहित तरुणीचंच होतं. दत्तक मात्र जोडपं म्हणून घेता येत नाही, त्यासाठी दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं.

## घरच्यांचीच भीती असेल तर?

मार्च २०१८ मध्ये खाप पंचायतींच्या, म्हणजे उत्तरेकडच्या जात-पंचायतींच्या विरोधात दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावेत असा आदेश दिला आणि सुरक्षागृहं उभारण्याचा विचार करायला सांगितलं. ही घरं फक्त नवविवाहितांसाठी नाहीत; घरच्यांचा विरोध असलेल्या अविवाहित जोडप्यांचाही त्यात उल्लेख आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पाठपुराव्यानंतर महाराष्ट्राच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांसाठी त्याबद्दल परिपत्रक काढलं. पोलीस ठाण्यात 'आधी लग्न करून या' असं सांगितलं गेलं, तर लेखी अर्ज देऊन पोहोच घ्यावी आणि उच्च न्यायालयात जावं. सगळी उच्च न्यायालयं एका सुरात बोलत नाहीत. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या वेगवेगळ्या न्यायाधीशांनी २०२१ मध्ये अगदी उलटे आदेश दिले होते. पण जीव वाचवण्याचा हक्क लग्नावर अवलंबून असू शकत नाही, आणि बहुतेक आदेश याच बाजूचे आहेत.

## उत्तराखंडातली नोंदणी

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला. त्यात लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची आहे. एका महिन्यात ती केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुसऱ्या बाजूने, सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी आणि अशा नात्यातल्या मुलाला औरस, म्हणजे कायदेशीर अपत्याचा दर्जा, या दोन चांगल्या गोष्टीही त्यातच आहेत. महाराष्ट्रात असा कायदा नाही.

नोंदणीमुळे पुरावा तयार होतो, मग त्यात वाईट काय, असं काही जण विचारतात. प्रश्न वाजवी आहे. माझं उत्तर असं, की सक्तीच्या नोंदणीत जोडीदारांपैकी कोणी एकवीसच्या आतलं असेल तर आईवडिलांना कळवलं जातं. ज्यांना घरच्यांचीच भीती आहे, त्या मुलामुलींना ही नोंदणी आधार देण्याऐवजी घरच्यांच्या हाती देते. ऐच्छिक नोंदणी असती, तर मी तिचं मनापासून स्वागत केलं असतं.

## आणि पुरुष? समलिंगी जोडपी?

२००५ च्या कायद्याखाली अर्ज फक्त स्त्री करू शकते. पुरुषाला मारहाण किंवा धमक्या झाल्या, तर त्याला सामान्य फौजदारी कायद्याचा आधार घ्यावा लागतो. समलिंगी जोडप्यांनी एकत्र राहणं गुन्हा नाही, पण सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर त्यांना लग्नाचा मार्ग बंद आहे, आणि 'लग्नासारखं' ही कसोटी त्यांच्या वाट्याला येतच नाही. घरच्यांपासून पोलीस संरक्षण मागण्याचा हक्क त्यांनाही तितकाच आहे.

## मरण आलं तर

हा भाग तरुण जोडपी टाळतात, पण माझ्या मते सगळ्यात निकडीचा हाच आहे. आणि लिव्ह-इन फक्त तरुणांचं नाही. साठी ओलांडलेली कितीतरी माणसं जोडीदार गेल्यावर सोबत शोधतात. लग्न केलं तर मुलं मालमत्तेवरून बिथरतात. सरकारी नोकराची विधवा असेल तर पुनर्विवाहानंतर कुटुंब निवृत्तिवेतन सहसा थांबतं. अपत्यहीन विधवेला काही अटींवर सूट आहे. मग दोघं ठरवतात, नुसतं एकत्र राहू. वीस वर्षं एकमेकांची औषधं सांभाळलेल्या या माणसांना एकमेकांच्या मालमत्तेत वारसा नाही.

"मी तिला बँकेत नॉमिनी लावलंय" असं समाधान बरेच जण मानतात. ते अपुरं आहे. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात, मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, वारसांचाच हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पक्कं केलं. नॉमिनी जरूर लावा, पैसे लवकर हाती येतात. पण वारसांनी दावा केला तर ते परत द्यावे लागू शकतात.

स्टँप पेपरवर लिव्ह-इन करार करून घेणारेही आहेत. कोण किती खर्च करणार, कुठली वस्तू कोणाची, एवढ्यापुरता तो उपयोगी आहे आणि एकत्र राहत होतो याचा पुरावा म्हणूनही चालतो. पण त्याने वारसा मिळत नाही, आणि २००५ च्या कायद्याखालचे हक्क त्यात सही करून सोडून देता येत नाहीत.

उपाय मृत्युपत्राचा. स्वकष्टाची मालमत्ता हिंदू माणूस मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो, नातं विचारलं जात नाही. मुस्लीम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापर्यंतच तसं देता येतं. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांसमोर सही हवी, आणि ते असे निवडावेत की ज्यांना त्या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन ती करावी, कारण नंतर हरकत घेणारे जवळचेच असतात. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडावं. आणि मालमत्ता जोडीदाराला का देतोय, हे दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहावं. उद्या त्या दारात भाऊ किंवा मुलं उभी राहिली, तर तिची बाजू मांडायला तो कागद असेल.